बोट कुणासाठी बांधतात?

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझच्या सहलींत एक छोटी सहल असते: मुंबई – हाय सीज – मुंबई. दोन रात्रींची. मधल्या थांब्याचं नाव नीट वाचा. 'हाय सीज', म्हणजे भर समुद्र. तिथे बंदर नाही, धक्का नाही, उतरणारं कुणी नाही. जिथून निघालो तिथेच परत आणून सोडण्याचं हे तिकीट आहे, आणि लोक ते आनंदाने काढतात.

याच शहरातून, याच पाण्यावरून शंभराहून अधिक वर्षं बोटी सुटत होत्या. त्यांच्या तिकिटांवर दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी नावं असत. त्या बोटीत बसणाऱ्याला समुद्र बघायचा नसायचा. त्याला घरी जायचं असायचं.

मी नवी मुंबईत राहतो आणि सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. आमच्या धंद्यात कुठलीही गोष्ट बांधायला घेतली की पहिला प्रश्न असतो, ही वापरणार कोण? त्याचं उत्तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, खरं उत्तर स्क्रीनवर दिसतं. कुठलं बटण मोठं आहे, कुणासाठी तीन पायऱ्या जास्त आहेत, कुणाचा विचारच झालेला नाही, हे लपत नाही. जहाजांचंही तसंच आहे. कंपनी जाहिरातीत काय म्हणते ते सोडा. जहाजाचा नकाशा पसरा आणि बघा की सगळ्यात जास्त जागा कुणाला दिली आहे. कोकण किनाऱ्यावर गेल्या दीडशे वर्षांत ज्या कंपन्यांनी माणसं वाहिली, त्यांची तुलना मला याच एका प्रश्नाने करायची आहे.

पोहोचवणारं जहाज आणि फिरवणारं जहाज

आधी जगाकडे एक नजर टाकू. प्रवासी जहाजांचे दोन प्रकार. 'लायनर' ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळी, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माणसं पोहोचवतो. 'क्रूझ' माणसांना फिरवून आणते. आज दुसऱ्या प्रकाराचा इतका बोलबाला आहे की पहिला प्रकार कधीकाळी मुख्य होता हे विसरायला होतं.

क्रूझची कल्पना निघाली ती रिकाम्या जहाजांच्या चिंतेतून. हॅम्बुर्ग-अमेरिका लाइनचे अल्बर्ट बालिन यांच्यापुढे प्रश्न होता की हिवाळ्यात उत्तर अटलांटिक खवळलेला असतो, प्रवासी कमी होतात, मग एवढी महागडी जहाजं नुसती बांधून ठेवायची का? १८९१च्या जानेवारीत त्यांनी 'ऑगुस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज भूमध्य समुद्राच्या सहलीवर पाठवलं. सहल यशस्वी झाली, पण जहाज मुळात बांधलं होतं प्रवाशांना अमेरिकेला पोहोचवायला. त्यामुळे १९००मध्ये बालिन यांनी खास सहलींसाठीच 'प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईसे' बांधून घेतलं. त्यात सगळ्या खोल्या पहिल्या वर्गाच्या होत्या. स्थलांतर करणाऱ्या गरिबांसाठी तळाशी जो भाग असे, तो या जहाजात नव्हताच. प्रवासी बदलला आणि नकाशा बदलला.

१९५८मध्ये अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली आणि पोहोचवणाऱ्या जहाजांचा धंदा बसला. उरलेली जहाजं स्वस्तात विकायला निघाली. १९७२मध्ये कार्निव्हल नावाच्या नव्या अमेरिकन कंपनीने कॅनेडियन पॅसिफिकचं जुनं 'एम्प्रेस ऑफ कॅनडा' घेतलं, त्याचं नाव 'मार्डी ग्रा' ठेवलं, आणि पहिल्याच सफरीत ते मायामीजवळ वाळूत रुतलं. तरी कंपनी टिकली. दहा वर्षं वापरलेल्या जहाजांवर धंदा शिकून झाल्यावर, १९८२मध्ये तिने 'ट्रॉपिकेल' हे स्वतःचं नवं जहाज पाण्यात आणलं. तोवर आपला प्रवासी कोण हे तिला पक्कं कळलं होतं. जुन्या जहाजावर शिकायचं आणि मग आपल्या माणसासाठी नवं बांधायचं, ही दुसरी पायरी लक्षात ठेवा. पुढे लागेल.

शेफर्डची आगबोट

आपल्याकडे रेल्वे आली तेव्हा आपण तिला आगगाडी म्हणालो, आणि वाफेच्या जहाजाला आगबोट. कोकणात आगबोट म्हटलं की एकेकाळी शेफर्ड कंपनीचं नाव यायचं. पुढे ही कंपनी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन म्हणून ओळखली गेली. सह्याद्रीमुळे रेल्वेने कोकणाकडे पाठ फिरवलेली होती. घाट, खाड्या, पावसात वाहून जाणारे रस्ते. मुंबईच्या गिरण्यांना रत्नागिरी जिल्ह्याने भरभरून माणसं पुरवली, आणि त्या माणसांची ये-जा प्रामुख्याने समुद्रावरून होती. चाकरमानी हा शब्द आज एसटी आणि कोकण रेल्वेला चिकटलेला आहे; आधी तो बोटीला चिकटलेला होता.

या बोटींची रचना बंदरांनी ठरवली. कोकणातल्या बहुतेक बंदरांत मोठं जहाज धक्क्याला लागेल इतकं पाणी नव्हतं. बोट बाहेरच नांगर टाकून उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव, होड्या तिच्याकडे येत. हलत्या पडावातून हलत्या बोटीवर चढायचं: एका हातात ट्रंक, कडेवर मूल, खाली पाणी. खलाशी हात देत. म्हातारीकोतारी माणसं अक्षरशः उचलून वर घेतली जात. परतीच्या बोटीत माणसांबरोबर आंब्याच्या करंड्याही येत. म्हणजे बोट अर्धी माणसांची, अर्धी मालाची.

आणि माणसांची जागा म्हणजे डेक. वर ताडपत्री, खाली फळ्या. ज्याने आधी पथारी पसरली त्याची जागा. थोड्या केबिनही असत, पण त्या थोड्यांसाठी. मराठीत 'बोट लागणे' हा वाक्प्रचार आला तो इथूनच. मळमळ ही व्यक्तीची खासगी बाब नव्हती, अख्ख्या डेकची होती. एकाला लागली की शेजारच्या चौघांना लागायची.

कायद्याने या प्रवाशाला नावही दिलं होतं. १८८७च्या 'नेटिव्ह पॅसेंजर शिप्स' कायद्याने असा प्रवासी नेणाऱ्या जहाजांचे नियम घातले. स्वतंत्र भारताच्या १९५८च्या मर्चंट शिपिंग कायद्यात त्याचं नाव झालं 'अनबर्थ्ड पॅसेंजर'. व्याख्या बघण्यासारखी आहे: ज्याच्यासाठी केबिन, स्टेटरूम किंवा सलूनमध्ये स्वतंत्र जागा राखून ठेवलेली नाही, तो. त्याच्याकडे काय आहे हे व्याख्या सांगत नाही. काय नाही ते सांगते. जहाजावर ज्यांची संख्या सगळ्यात जास्त, त्यांची ओळख एका अभावाने.

शेफर्ड कंपनीच्याच एका जहाजाची गोष्ट या संदर्भात सांगायला हवी. 'वैतरणा' हे तिचं जहाज कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला प्रवासी आणत असे. त्याच्यावर विजेचे दिवे होते. १८८०च्या दशकात, जेव्हा बहुतेकांनी विजेचा दिवा पाहिलाही नव्हता, तेव्हा रात्री समुद्रात लखलखणारं हे जहाज बघून गुजराती लोकांनी त्याला 'वीजळी' हे नाव दिलं. तेव्हाची ही सगळ्यात नवी गोष्ट. १८८८च्या नोव्हेंबरात वीजळी वादळात सापडली आणि सातशेहून अधिक माणसांसह सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ नाहीशी झाली. जहाजाचे अवशेषही मिळाले नाहीत. जहाजावर पुरेशा लाइफबोटी आणि लाइफ जॅकेट नव्हती, हे चौकशीत पुढे आलं.

दिवे होते, लाइफबोटी पुरेशा नव्हत्या. दिवे किनाऱ्यावरून दिसतात, तिकीट विकतात. लाइफबोटी कुणी मोजत नाही. नावीन्य कुठे खर्च करायचं याचा निर्णय त्या काळीही 'दिसतं कुठे' यावर होत असावा असं मला वाटतं, आणि आमच्या क्षेत्रातही हे रोज घडतं.

माझी आगबोट

इंग्रज कंपनीच्या बोटींवर मिळणाऱ्या वागणुकीला उत्तर म्हणून स्वदेशीच्या भरात एक कंपनी उभी राहिली: इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. एवढं लांब नाव कोण घेणार? लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. एखाद्या कंपनीला गिऱ्हाइकांनी आपणहून 'माझी' म्हणावं, यापेक्षा मोठं यश आजच्या कुठल्या ब्रँडला मिळालेलं नाही.

या कंपनीला आपला प्रवासी कोण हे नीट ठाऊक होतं. जहाजांची नावं बघा: तुकाराम, रामदास, सेंट अँथनी. वारकरी, कोकणातला भाविक, गोव्याचा ख्रिस्ती, सगळ्यांना बोटीवर चढताना आपलं नाव दिसेल अशी सोय. शेफर्डच्या बोटीत तो 'नेटिव्ह पॅसेंजर' होता, इथे तो घरचा होता.

पण नावाने डेक बदलला नाही. ताडपत्री तीच, पथारी तीच. १९२७च्या नोव्हेंबरात एकाच वादळात या कंपनीच्या 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी बुडाल्या. त्यानंतर १९३६मध्ये इंग्लंडमधल्या स्वान हंटर या नामांकित गोदीत बांधलेली 'रामदास' आली. जगातलं सगळ्यात वेगवान लायनर म्हणून वीस वर्षं मिरवलेलं 'मॉरेटानिया' याच गोदीतलं. म्हणजे बांधणारे हात कच्चे नव्हते.

१७ जुलै १९४७. आषाढी अमावास्येच्या तोंडावरचा दिवस. सकाळी आठच्या सुमारास रामदास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सण, पाऊस, आणि घरी जाणारी माणसं. दीडेक तासाचा प्रवास. वाटेत, काशाच्या खडकाजवळ, वादळी लाटांत बोट एका बाजूला कलली आणि काही मिनिटांत बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, म्हणून मुंबईला कित्येक तास काही कळलंच नाही. जे वाचले ते पोहून किंवा कोळ्यांच्या होड्यांनी. स्वातंत्र्याला एकोणतीस दिवस बाकी होते, आणि देशाच्या त्या गदारोळात ही बातमी लवकरच मागे पडली. अलिबाग, रेवस, गिरगाव आणि परळ इथल्या घरांत ती मागे पडली नाही.

रामदास का बुडाली याचं एक उत्तर पाऊस आणि वारा. दुसरं उत्तर तिच्या रचनेत आहे, आणि ते समजायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. जहाज कललं की पुन्हा सरळ होतं, कारण त्याचं वजन खाली आणि जागच्या जागी असतं. वजन वर असेल आणि ते सरकत असेल, तर जहाज सरळ व्हायची ताकद गमावतं. केबिनमधला प्रवासी हा बांधलेला भार आहे; कितीही घाबरला तरी भिंतीपलीकडे जाऊ शकत नाही. डेकवरचे शेकडो प्रवासी मात्र सरकता भार आहेत. एका बाजूने पाणी आत आलं की माणसं दुसऱ्या बाजूला पळणारच. वाचलेल्यांच्या सांगण्यात अशी धावपळ येते. यात माणसांची चूक नाही. घाबरलेला माणूस पळणार, हे गृहीत धरूनच जहाज बांधायचं असतं आणि माणसं मोजून घ्यायची असतात.

'माझी' म्हणवून घेणाऱ्या कंपनीलाही हे जमलं नाही, हा मला या इतिहासातला सगळ्यात कठीण धडा वाटतो. प्रवाशावर प्रेम असणं आणि प्रवाशाचा हिशेब असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली जुनी एम्प्रेस

इथे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची गोष्ट जोडायला हवी. १९१९मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. पहिलं जहाज घेतलं ते ग्वाल्हेरच्या महाराजांकडून. पहिल्या महायुद्धात ते इस्पितळ-जहाज म्हणून वापरलं गेलं होतं. त्याच्या आधी ते कॅनेडियन पॅसिफिकचं 'एम्प्रेस ऑफ इंडिया' होतं, व्हँकुव्हर ते हाँगकाँग मार्गावरचं आलिशान लायनर. ५ एप्रिल १९१९ला 'लॉयल्टी' हे नाव धारण करून ते मुंबईहून लंडनला निघालं. म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस.

अभिमानाची गोष्ट खरीच. पण जहाज म्हणून लॉयल्टी फार चाललं नाही. १९२३मध्ये ते मोडीत निघालं. घेतलं तेव्हाच अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचं म्हातारं जहाज, दुसऱ्याच महासागरासाठी, दुसऱ्याच प्रवाशासाठी बांधलेलं. इंग्रज कंपन्यांनी दर पाडून सिंधियाला जेरीस आणलं, आणि १९२३च्या कराराने तिला किनारी मालवाहतुकीच्या चौकटीत बांधलं. वालचंदांचं जहाज परदेशी जाण्याच्या स्वप्नासाठी होतं. कोकणच्या डेकवाल्यासाठी नव्हतं. पुढे बॉम्बे स्टीम सिंधियाच्या हाती आली तेव्हा या दोन गोष्टी एका छताखाली आल्या, एवढंच.

सरकारी बोट आणि घाईची बोट

स्वातंत्र्यानंतरच्या पिढीला आठवतात त्या 'रोहिणी', 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' या बोटी. चौगुले कंपनीने ही सेवा काही वर्षं चालवली. तिकीट वाढवलं तर लोक ओरडत, नाही वाढवलं तर तोटा. शेवटी १९७३मध्ये संसदेने खास कायदा करून कोकणची प्रवासी जहाजं ताब्यात घेतली. ती चालवायला दिली मोगल लाइनकडे, जी हज यात्रेकरूंना जेद्दाला नेण्यासाठी प्रसिद्ध होती. डेकवरच्या प्रवाशाची सवय असलेली सरकारी कंपनी तीच.

'प्रवाशांच्या गरजा' या शब्दांसाठी देशाच्या संसदेने कायदा करावा, इतकी ही बोट तेव्हा महत्त्वाची होती. याच डेकवर सत्तरच्या दशकात गोव्याला निघालेले हिप्पीही चाकरमान्यांशेजारी पथारी पसरून झोपत. त्यांच्यासाठी तो स्वस्त आणि मजेचा प्रवास होता, शेजारच्यासाठी गावची वाट. एकाच फळीवर लायनर आणि क्रूझ दोन्ही आडवे झालेले. पण रस्ते झाले, एसटी वाडीवस्तीपर्यंत पोहोचली, बोट मात्र पावसाळ्यात बंद आणि बाकी दिवस जुनीच राहिली. १९८०च्या दशकात सेवा मिटली. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली आणि बोटीची आठवण काढणारेही कमी झाले.

मधल्या काळात दमानिया कंपनीने मुंबई–पणजी कॅटमरान आणली. दोन सांगाड्यांवर उभी, वेगवान, बंद वातानुकूलित कक्ष, विमानासारख्या खुर्च्यांच्या रांगा. जी बोट पूर्वी जवळपास दिवसभर घेई, ते अंतर ही सात-आठ तासांत कापायची. कंपनीची विमानंही होती, आणि बोटीचा नकाशा विमानाचाच होता. घाईत असलेला, पैसे असलेला, सरळ गोव्याला जाणारा प्रवासी. दाभोळ-देवगडला थांबलं तर वेळ मोडतो, म्हणून थांबायचं नाही. किनारा आता खिडकीतून दिसणारं दृश्य झाला होता.

चार पाहुण्या

यानंतर या पाण्यात आलेल्या मोठ्या प्रवासी जहाजांपैकी चार घेतो.

२००५मध्ये स्टार क्रूझेसची 'सुपरस्टार लिब्रा' आली. १९८८मध्ये नॉर्वेजियन कंपनीसाठी 'सीवर्ड' या नावाने बांधलेली. मुंबईच्या मध्यमवर्गाने 'क्रूझ' हा शब्द पहिल्यांदा आपल्या सुट्टीच्या यादीत लिहिला तो बहुधा तिच्यामुळे.

२०१८मध्ये 'आंग्रिया' आली. नाव कान्होजी आंग्र्यांचं, निघायची भाऊच्या धक्क्याशेजारून, आणि रात्रभर चालून सकाळी गोव्यात. जहाज मात्र जपानी: १९९७चं 'ओगासावारा मारू'. त्याचं आधीचं आयुष्य कळलं तेव्हा मी थबकलो. ओगासावारा ही टोकियोपासून सुमारे हजार किलोमीटरवरची बेटं. तिथे विमानतळ नाही. औषध, भाजी, पाहुणा, परतलेला मुलगा, सगळं या बोटीने, जवळपास एक अख्खा दिवस प्रवास करून. तिच्या स्वस्त वर्गात खोल्या नव्हत्या. गालिचा घातलेल्या मोठ्या दालनात प्रवासी शेजारी शेजारी झोपत. डेकच तो, पण आत, वातानुकूलित, प्रत्येकाची जागा ठरलेली. 'अनबर्थ्ड' माणसासाठी नीट विचार करून बांधलेलं जहाज कसं असतं याचा तो नमुना. जपानमध्ये ते हजाराच्या आसपास माणसं नेई. इथे त्यात १०४ खोल्या, रेस्टॉरंट, बार आणि तरणतलाव करून ३९९ माणसांची सोय झाली. पॉडसारखी झोपायची स्वस्त जागाही होती, हे खरं. पण बेटवासीयांची जीवनवाहिनी असलेली बोट, ज्या किनाऱ्याने स्वतःची जीवनवाहिनी गमावली तिथे येऊन सहलीची बोट झाली. कोविडने तिचा धंदा मोडला.

२०१९ची जलेश क्रूझेसची 'कर्णिका' सगळ्यात देखणी. १९९०मध्ये इटलीत 'क्राउन प्रिन्सेस' म्हणून बांधलेली. तिची बाह्यरेषा प्रसिद्ध वास्तुरचनाकार रेन्झो पियानो यांची, डॉल्फिनच्या डोक्यासारखी. अमेरिकन, जर्मन, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन प्रवाशांसाठी एकामागून एक नावं बदलत ती मुंबईत पोहोचली. जलेशने तिला भारतीय कुटुंबाची केली: शाकाहारी आणि जैन स्वयंपाक, लग्नसमारंभ, तीन पिढ्यांची सहल. एका वर्षातच कोविड आला. मुंबईच्या पाण्यात अडकलेली कर्णिका लिलावात गेली आणि २०२०च्या अखेरीस अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला लागली.

२०२१मध्ये कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' आली. हीसुद्धा १९९०ची, फ्रान्समध्ये बांधलेली, रॉयल कॅरिबियनची 'नॉर्डिक एम्प्रेस'. तिची गंमत अशी की ती मुळातच तीन-चार रात्रींच्या छोट्या सहलींसाठी आखलेली. लांबची सुट्टी न मिळणारा, पहिल्यांदाच समुद्रावर जाणारा प्रवासी. खोल्या लहान, कारण खोलीत कोण बसणार? मधोमध अनेक मजली उंच दालन, थिएटर, कॅसिनो, तलाव. आयटीतल्या माणसाची सुट्टी तेवढीच असते, त्यामुळे हे जुनं जहाज इथे नेमकं बसलं. माझे सहकारी जाऊन आले, खूश होऊन आले. मी त्यांना नावं ठेवत नाही. सुट्टी ही गरजच आहे.

लॉयल्टी एम्प्रेस होती, कार्निव्हलची पहिली बोट एम्प्रेस होती, कॉर्डेलियाचीही एम्प्रेस. जुनं जहाज घेणं हा कमीपणा नाही. प्रश्न दुसऱ्या पायरीचा आहे. या चारही जहाजांचे नकाशे परक्या प्रवाशासाठी काढलेले. आपण स्वयंपाकघर आणि नाव बदललं. या किनाऱ्याच्या रोजच्या माणसासाठी नवं जहाज आखायची पायरी आपण चढलोच नाही.

ते अशक्य आहे असंही नाही. लक्षद्वीपसाठी विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डने 'कवरत्ती' हे सातशे प्रवाशांचं जहाज बांधलं. त्यात केबिन आहेत आणि बंक वर्गही आहे, बेटावरच्या माणसाला परवडणारा. पर्यटक जातो आणि रहिवासीही जातो. आपल्याच देशातलं, आपल्याच समुद्रातलं उदाहरण.

खाडीच्या या बाजूने

नवी मुंबई खाडीच्या काठावर वसलेली, पण आमचा पाण्याशी संबंध पुलापुरता. वाशीचा पूल, ऐरोलीचा पूल, २०२४पासून अटल सेतू. नव्वदच्या दशकात मुंबईहून इकडे हॉवरक्राफ्ट सुरू झाली आणि बंद पडली. फेब्रुवारी २०२२मध्ये बेलापूर जेट्टीचं उद्घाटन झालं, वॉटर टॅक्सी आली. स्पीडबोटीचं भाडं तेव्हा आठशे ते बाराशेच्या घरात होतं, कॅटमरानचं २९०. लोकलचा महिन्याचा सेकंड क्लास पास स्पीडबोटीच्या एका फेरीपेक्षा स्वस्त पडायचा. २०२३मध्ये गेटवेला जाणारी दोनशे आसनी बोट आली: खालच्या डेकला २५०, वरच्याला ३५०. वर दृश्य चांगलं दिसतं म्हणून शंभर जास्त. म्हणजे इथेही प्रवासी कोण ठरला? बघणारा. रोज सकाळी कामावर जाणाऱ्याला दृश्य नको असतं, वेळ आणि फेऱ्या हव्या असतात.

खरा बदल घडवला तो मार्च २०२०मध्ये सुरू झालेल्या मांडव्याच्या रो-रोने. 'प्रोटोपोरोस' हे ग्रीसमध्ये बांधलेलं जहाज भाऊच्या धक्क्यावरून तासाभरात मांडव्याला पोचतं आणि लाकडी लाँच बंद असतात त्या पावसाळ्यातही धावतं. रामदास ज्या पाण्यात बुडाली साधारण त्याच पाण्यावरून आज पावसात माणसं निर्धास्त जातात, हे छोटं काम नाही. पण त्याच्या नकाशातही सगळ्यात मोठी जागा गाड्यांना आहे. प्रवासी म्हणजे गाडी असलेला माणूस.

२०२५च्या गणपतीसाठी मुंबई–जयगड–विजयदुर्ग रो-रोची घोषणा झाली तेव्हा कोकणी माणसाच्या ग्रुपवर आनंदाचा पूर आला. जयगड तीन तासांत, विजयदुर्ग पाचात. पनवेलपासून सुरू होणाऱ्या महामार्गाचं चौपदरीकरण २०११पासून चालू आहे, त्यामुळे आनंद समजण्यासारखा. जाहीर झालेलं सगळ्यात स्वस्त तिकीट होतं २,५०० रुपये, सगळ्यात महाग ९,००० रुपये. चार माणसांचं घर, जाऊन-येऊन, गाडी सोडून: वीस हजार. गणपतीला एसटीच्या रांगेत उभा राहणारा माणूस या नकाशात कुठे बसतो?

तरीही या यादीत दीर्घ काळानंतर पुन्हा जयगड आणि विजयदुर्ग ही नावं आली, याची मी नोंद घेतो. 'हाय सीज'च्या जागी बंदराचं नाव येणं ही सुरुवात असू शकते.

यापुढे नव्या बोटीची बातमी आली की मी तिचा तलाव किती मोठा हे बघणार नाही. चार गोष्टी बघेन. सगळ्यात स्वस्त तिकीट कितीचं, आणि त्या तिकिटावर माणूस नेमका कुठे बसतो. मुंबई आणि गोव्याच्या मध्ये ती किती ठिकाणी थांबते. जुलैत चालते का. आणि लाइफबोटी किती. 'माझी आगबोट' या नावाला पुन्हा लायक ठरायचं तर या चारही प्रश्नांची उत्तरं एकाच जहाजात मिळायला हवीत.